३० बाय २० चं परस, हातात १५,००० रुपये. सुरुवात कुठून करू?

मैथिली_स | १२ एप्रिल
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही सांगलीत रो-हाउसमध्ये राहायला आलो. घरामागे ३० फूट बाय २० फूट मोकळी जागा आहे. खरं सांगते, घर बघायला गेलो तेव्हा मी या जागेवरच भाळले होते.

पण आज तिथे राडारोडा आहे. विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, फुटक्या टाइल्स, आणि त्यावर गाजरगवत. खालची माती काळी. सध्या तिला इतक्या भेगा पडल्यात की काल मुलाची पेन्सिल एका भेगेत गेली ती मिळालीच नाही. एका बागवाल्याला बोलावलं होतं. त्याने लॉन, पेव्हर ब्लॉक आणि कोपऱ्यात कारंजं असा आराखडा काढून ९५,००० सांगितले. आमच्याकडे वर्षभराचे मिळून १५,००० आहेत.

सासऱ्यांना लिंबू हवं. मुलाला (वय ७) खेळायला जागा हवी. मला सकाळी चहा घेताना समोर काहीतरी हिरवं हवं. मागचं दार पश्चिमेला, दुपारी तीननंतर भिंत तापते. भांडी घासायची मोरी मागेच आहे, तिचं पाणी असंच पसरतं. नळाला दिवसाआड पाणी, बोअरचं थोडं सवळ, म्हणजे खारट. पहिला पैसा कशावर घालू?

अंजिरी | १२ एप्रिल
लॉनच कर गं. १५,००० मध्ये मेक्सिकन गवताचे तुकडे अर्ध्या जागेत तरी बसतील. मुलांना पडायला मऊ, आणि डोळ्यांना इतकं बरं वाटतं! बाकी कडेने कुंड्या.

कर्दळ | १२ एप्रिल
दिवसाआड पाणी असताना लॉन नको. उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर तरी लागतं. अर्धी जागा म्हणजे २८ चौरस मीटर, म्हणजे रोजचे १४० लिटर. ते कुठून आणणार?

ओळंबा | १३ एप्रिल
ताई, मी बांधकामावर पंचवीस वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला पैसा झाडांवर घालू नका. आधी उतार बघा. पाण्याने भरलेला पारदर्शक लेव्हल पाइप कुठल्याही गवंड्याकडे असतो, तो अर्ध्या तासासाठी मागून घ्या. भिंतीपासून बाहेर दहा फुटांना दोन-अडीच इंच तरी उतार हवा. तो नसेल तर पावसाळ्यात पाणी घराच्या पायाशी बसेल. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तुमच्या मुलाची पेन्सिल गिळली ती त्या आकसण्याने. याच कारणाने काळ्या मातीवर सिमेंटचा कोबा करू नका. दोन पावसाळ्यांत तडकतो आणि पैसे गेलेच म्हणून समजा.

दुसरं, मातीचा हिशोब. लोक म्हणतील चांगली माती आणून भरा. ६०० चौरस फुटांवर नुसता दोन इंच थर द्यायचा तर १०० घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास लागतो. दोन इंचात काय उगवणार? सहा इंच भरायचं तर तीन ब्रास. एवढ्यातच तुमचं बजेट संपेल. म्हणून सगळी जागा सुधारायला जाऊ नका. झाडं लावायची तेवढीच जागा निवडा आणि तेवढीच माती नीट करा.

तिसरं, तो राडारोडा फेकू नका. वेगळा करा. विटांचे आणि काँक्रीटचे तुकडे वाटेखाली आणि शोषखड्ड्यात, म्हणजे मोरीचं पाणी जिरवायच्या खड्ड्यात, जातील. प्लास्टरची भुकटी आणि चुना तेवढा बाहेर काढा, झाडांना तो चालत नाही.

अंजिरी | १३ एप्रिल
ओळंबादादा, पेन्सिलीचं कारण वाचून मी माझ्या कुंडीतली माती बघायला उठले :) लॉनचा हट्ट सोडला.

चिरेबंदी_घर | १३ एप्रिल
मैथिली, तुझ्या मोरीबद्दल वाचून राहवलं नाही.

आमच्या गुहागरच्या घरी परस म्हणजे घराचा अर्धा जीव होता. मोरीतून बाहेर पडणारं पाणी एका दगडी पन्हळीने अळवाच्या खाचरात जायचं, तिथून कर्दळीला, आणि उरलेलं केळींना. आजी भांडी राखेने घासायची. त्यामुळे ते पाणी झाडांना बाधायचं नाही. सकाळी मी दात घासत तिथे उभी राहायचे. कर्दळीच्या पानावर रात्रीचं पाणी मण्यासारखं साठलेलं असायचं, आणि पान जरा हलवलं की ते एका बाजूला घरंगळायचं. घरातल्या कुणा बाईला थोडं रडायचं असलं की ती परसदारी जायची. चुलीवर पाणी तापायचं, वाळत घातलेल्या लुगड्यांचा आडोसा असायचा, आणि कुणी काही विचारायचं नाही.

म्हणून सांगते, घरामागे देखावा करू नकोस. तिथे काम चालू दे. मोरीच्या तोंडाशी कर्दळ आणि अळू लाव. दोन्हीचे कंद कुणीही शेजारीण फुकट देईल.

वऱ्हाडी_ऊन | १३ एप्रिल
चिरेबंदीताई, फार छान लिहिलंत. फक्त एक. आता आपण साबण वापरतो. भांड्यांचं पाणी थेट खायच्या अळवावर सोडू नका. आधी कर्दळ, आणि खायचं अळू दूर, स्वच्छ पाण्यावर.

पश्चिमेच्या उन्हाबद्दल आम्हा अकोल्याच्या लोकांना विचारा! मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. भिंतीपासून तीन फूट सोडून बांबूचा मांडव घाला आणि त्यावर वेल चढवा. दोडका, कारलं, दुधी, जे आवडेल ते. सावली, भाजी, दोन्ही मिळतं. वेल थेट भिंतीवर चढवू नका, ओल धरते. पहिल्या उन्हाळ्यात वेल वाढेपर्यंत मांडवावर हिरवी जाळी टाका.

तात्या_कृष्णाकाठ | १४ एप्रिल
सांगलीत राहून परसात हळद नाही म्हणजे काय! पोरी, अक्षय्य तृतीया तोंडावर आलीय, हळद लावायचा आपला मुहूर्तच तो. आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या मातीत बसून लॉनचा विचार कसला करता?

कुणा शेतकऱ्याकडून किलो-दोन किलो जेठे गड्डे, म्हणजे हळदीचे मधले मोठे कंद, आणा. गादीवाफा करा, एक फूट उंच. काळ्या मातीत सपाटीला लावलं तर कंद कुजतो. दोन गड्ड्यांत वीतभर अंतर. हळदीला अर्धी सावली चालते, त्यामुळे वऱ्हाडी भाऊंच्या मांडवाच्या कडेलाच वाफा धरा. ऑगस्टपर्यंत कंबरेएवढी पानं होतील. तुम्हाला हिरवं हवं होतं ना? त्या हिरव्याला तोड नाही. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळला की काढा.

आणि उरलेल्या जागेत पहिला पाऊस झाला की ताग टाका. अर्धा किलो बी रग्गड होईल. पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर यायच्या वेळेला, कापून तिथेच मातीत गाडा. बाजारातलं खत घेऊन जे होत नाही ते तागाने होतं. काळी माती भुसभुशीत होते.

दूरदेशी | १४ एप्रिल
मी न्यू जर्सीत राहते. आमच्याकडे घरामागच्या गवताचा नाद सोडवायला लोक पुठ्ठे वापरतात. गवतावर ओले पुठ्ठे अंथरायचे, त्यावर खत आणि लाकडाचा चुरा. तण खालीच मरतं आणि पुठ्ठा कुजून माती होते. खर्च जवळजवळ शून्य. आमच्या गावात तर झाडांचा चुरा नगरपालिकाच फुकट देते. मैथिली, घर हलवल्याचे खोके शिल्लक असतील ना?

तात्या_कृष्णाकाठ | १४ एप्रिल
बाई, तुमच्या थंडीत चालत असेल. इकडे पुठ्ठा अंथरला की वाळवीला आमंत्रण. आणि लव्हाळा पुठ्ठ्याला दाद देत नाही, सुईसारखा वर येतो. त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

ओळंबा | १४ एप्रिल
दोघांचं बरोबर आहे. गाजरगवतावर पुठ्ठा चालेल, लव्हाळ्यावर नाही. पण भिंतीपासून चार फुटांच्या आत पुठ्ठा, लाकडाचा चुरा, पालापाचोळ्याचा ढीग काहीही नको. वाळवी तिथूनच चौकटीत शिरते. आणि गाजरगवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटते.

कर्दळ | १५ एप्रिल
सासऱ्यांच्या लिंबाबद्दल कुणीच बोललं नाही. एक सोपी परीक्षा करा. जिथे लिंबू लावायचं तिथे हातभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या. मग सकाळी परत भरा. ते दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच दिसलं तर तिथे निचरा नाही, लिंबू लावू नका. लावायचंच तर दीड फुटाचा उंचवटा करून त्यावर. लिंबाच्या बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या होतो, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, आणि मग झाड हाती लागत नाही.

रोप रस्त्यावरच्या गाडीवरून घेऊ नका. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई शरबती किंवा फुले शरबती मागा, विद्यापीठाच्या किंवा सरकारी परवान्याच्या रोपवाटिकेतून. इतर रोपं पावसाळ्याच्या तोंडाला सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत फार स्वस्त मिळतात.

मैथिली_स | १६ एप्रिल
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मला काय बोलावं कळत नाही. काल रात्री सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चिरेबंदीताईंचं वाचताना ते उठून मागच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांच्या आईचं परस तासगावला होतं.

खड्ड्याची परीक्षा केली. पूर्वेकडे, मोरीजवळ, पाणी संध्याकाळी तसंच. पश्चिमेच्या कुंपणाजवळ चार तासांत गेलं! म्हणजे लिंबू कुंपणाजवळ, बरोबर?

कर्दळ | १६ एप्रिल
बरोबर. कुंपणापासून सहा-सात फूट आत. पुढे शेजाऱ्यांशी काटेरी फांद्यांवरून बोलणी नकोत.

अंजिरी | १६ एप्रिल
शेवगा लावा ना कडेला! एक फांदी रोवली की लागतो, पैसा शून्य.

वऱ्हाडी_ऊन | १६ एप्रिल
शेवगा जरूर लावा, पण कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ आणि मुलाच्या खेळायच्या जागेवर नको. पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट येतात. माझ्या धाकट्याच्या मानेवर एक पडला होता, दोन दिवस पोर झोपलं नाही. शिवाय लाकूड ठिसूळ, वादळात फांदी मोडते. दरवर्षी छाटून कमरेएवढा ठेवलात तर शेंगा हातालाही येतील.

ओळंबा | १६ एप्रिल
वाट कशाची करणार ते सांगतो. फरशीच्या दुकानामागे शहाबादीचे तुटके तुकडे पडलेले असतात, ते वजनावर किंवा नगावर स्वस्त देतात. चार इंच खणा, राडारोड्याचे विटांचे तुकडे ठोकून बसवा, वर मुरूम, पाणी मारून धुमसा. त्यावर तुकडे खरखरीत बाजू वर करून ठेवा. गुळगुळीत बाजू पावसात शेवाळली की म्हातारं माणूस घसरतं. फटींत सिमेंट भरू नका. मुरूमच भरा, पाणी खाली जाऊ द्या. माती फुगली तर एखादा तुकडा उचलेल, तो काढून खाली थोडा मुरूम कमी केला की झालं. कोब्यात ही सोय नसते.

मुलाच्या खेळायच्या जागेलाही नुसता धुमसलेला मुरूम पुरे. गुडघा खरचटेल, पण चेंडूला टप्पा छान मिळेल.

चिरेबंदी_घर | १७ एप्रिल
आणि एक पिंप ठेवाच गच्चीच्या पन्हळीखाली. तुमची गच्ची किती?

मैथिली_स | १७ एप्रिल
साधारण ७०० चौरस फूट.

कर्दळ | १७ एप्रिल
म्हणजे ६५ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर. १० मि.मी.च्या एका सरीत ६५० लिटर! २०० लिटरचं पिंप ३-४ मि.मी.तच भरून वाहील. वाहणारं पाणी लिंबाच्या दिशेने चर काढून न्या. तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास होते. बोअरचं पाणी सवळ आहे म्हणालात, म्हणून वर्षातून एक पावसाळा तरी मातीतून गोडं पाणी भरपूर जाऊ द्या. क्षार धुऊन खाली जातात.

मैथिली_स | ९ जून
काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. वीज गेली होती. आम्ही तिघं बॅटरी घेऊन मागच्या दारात उभे राहून पाणी कुठे जातं ते बघत होतो. ओळंबादादा, आधी उतार बघा म्हणालात ते किती खरं होतं! गेल्या महिन्यात दोन मजुरांनी दोन दिवसांत राडारोडा निवडला आणि उतार काढला. भिंतीशी थेंब साचला नाही. पाणी मोरीच्या बाजूला एका खळग्यात जमलं. तिथे कर्दळ आहे, शेजारच्या काकूंनी दिलेली. शोषखड्डा तिथेच घ्यायचा ठरवलंय.

हळद अक्षय्य तृतीयेला लावली होती. काल पावसात बॅटरी मारली तर सहा ठिकाणी पिवळसर कोंब! सासरे चिखलात उकिडवे बसून मोजत होते. आज सकाळी परत मोजले, अकरा.

तात्या_कृष्णाकाठ | ९ जून
अकरा म्हणजे उत्तम. आता आठवडाभर हात लावू नका, पोराला वाफ्यावर चढू देऊ नका. आणि ताग टाका आजच्या आज.

ओळंबा | १० जून
शोषखड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब. मीटरभर लांब, रुंद, खोल. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे. मोरीचं पाणी आधी एका छोट्या चौकोनी कुंडीतून जाऊ द्या, म्हणजे खरकटं आणि तेलकट थर तिथेच अडेल. ती दर पंधरा दिवसांनी साफ करा. हे केलं नाही तर काळ्या मातीत खड्डा लवकर तुंबतो.

मैथिली_स | २८ जुलै
ताग आज गाडला. माझ्या खांद्यापर्यंत आला होता. कापायला जीव होत नव्हता, फुलांच्या पिवळ्या कळ्या दिसायला लागल्या होत्या. तात्या, खात्री आहे ना?

तात्या_कृष्णाकाठ | २८ जुलै
पोरी, खात्री आहे. फुलू दिला असता तर काडी टणक झाली असती, मग लवकर कुजत नाही. दोन-तीन आठवडे थांबा, मग भाजी लावा.

चिरेबंदी_घर | १७ ऑगस्ट
मैथिली, नागपंचमीला पातोळ्या केल्यास का? हळदीची पानं आहेत तुझ्याकडे!

मैथिली_स | १८ ऑगस्ट
केल्या, ताई! तांदळाच्या पिठीची उकड न काढता भिजवून पानावर पातळ पसरली, मध्ये गूळ-खोबरं, पान दुमडून वाफवलं. पातेल्याचं झाकण काढलं आणि सगळं घर त्या वासाने भरलं. आमच्याकडे हा पदार्थ कधी झाला नव्हता. सासऱ्यांनी पान उलगडून आधी नाकाशी धरलं, मग खाल्लं. शेजारच्या काकूंना चार दिल्या. त्या म्हणाल्या, कर्दळीच्या कंदांची एवढी छान परतफेड होईल असं वाटलं नव्हतं.

मैथिली_स | २ नोव्हेंबर
दिवाळीआधी हिशोब मांडला. नवीन कुणाला उपयोग व्हावा म्हणून देते. मजुरी ३,२००. शेणखत २,५००. मुरूम एक ट्रॉली १,८००. शहाबादीचे तुकडे १,५००. गवंडी एक दिवस १,२००. जुनं पिंप ९००. बांबू आणि सुतळी ६५०. रोपं, ताग, हळदीचं बेणं मिळून ७४०. एकूण १२,४९०. हातात २,५१० शिल्लक. झोपाळ्यासाठी ठेवलेत.

मांडवावर दोडका आहे, खाली मी चहा घेते. दुपारी चारला भिंतीला हात लावता येतो आता.

एकच काळजी. लिंबाची नवी पानं पिवळी पडताहेत. शिरा हिरव्या आहेत, मधला भाग पिवळा. जुनी पानं ठीक आहेत. खत कमी पडलं का?

कर्दळ | २ नोव्हेंबर
नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी पडतंय. खत कमी असतं तर आधी जुनी पानं सगळी पिवळी झाली असती. काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडी आणि ओल जास्त झाली की मुळांना ते घेता येत नाही. पावसाळा संपल्यावर पाणी किती देता? आणि कुठलं?

मैथिली_स | २ नोव्हेंबर
सासरे रोज एक बादली घालतात. पिंप संपलं, म्हणून बोअरचं.

कर्दळ | २ नोव्हेंबर
मग तेच. आठ दिवस पाणी बंद. नंतर माती बोटभर खोल उकरून बघायची, कोरडी लागली तरच पाणी. तेही बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराखाली गोल आळं करून. बोअरऐवजी नळाचं आदल्या दिवशी भरून ठेवा. महिनाभरात नवी पालवी हिरवी आली तर काही फवारायची गरज नाही. नाहीच आली तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं लोह) पानांवर फवारा, संध्याकाळी. बाबांना सांगा, लिंबाला माया आहे तुमची, पण पाणी आठवड्याने.